मुलाखत ज्ञानाची की गरजेची?

पुण्या-नागपूरसारख्या शहरातील एखाद्या हॉटेलच्या सभागृहाबाहेर सकाळपासून तरुणांची रांग लागते. कोणी विज्ञानाचा पदवीधर, कोणी औषधनिर्माणशास्त्राचा. गळ्यात उसना टाय, हातात प्रमाणपत्रांची फाइल आणि गावी निकालाकडे डोळे लावून बसलेले आईवडील. बड्या औषध कंपनीला वैद्यकीय प्रतिनिधी हवे आहेत. जागा थोड्या, उमेदवार पुष्कळ. हे दृश्य इतके अंगवळणी पडले आहे की, त्यात काही आक्षेपार्ह आहे असे कोणाला वाटेनासे झाले आहे. म्हणूनच बंद दाराआड काय चालते हे तपासणे श्रमिक चळवळीचे काम ठरते.

आत गेलेल्या उमेदवाराला शरीरशास्त्राचे आणि औषधशास्त्राचे दोनचार प्रश्न विचारले जातात, नाही असे नाही. खरी मुलाखत त्यानंतर सुरू होते. टेबलावरचे पेन पुढे करून ‘हे विकून दाखवा’ असे फर्मान सुटते. स्वतःची मोटारसायकल आहे काय? महिन्यातून किती रात्री घराबाहेर राहाल? कोठेही बदली चालेल ना? विक्रीचे उद्दिष्ट हुकले तर काय कराल? वडील काय करतात, घरात मिळवते किती? उमेदवार मुलगी असली तर लग्नाचा विचार कधी? शेवटी येतो सर्वांत निर्दय प्रश्न : ‘पगाराची अपेक्षा किती?’ कंपनीचा आकडा आधीच ठरलेला असतो. परंतु बेकार तरुणाने आपल्या तोंडाने आपली किंमत उतरवावी, अशी ही व्यवस्था आहे. या साऱ्यातून जोखली जाते ती उमेदवाराची गरज. ज्याची गरज मोठी, तो कमी बोलेल, हा मालकशाहीचा जुना हिशेब आहे.

ज्ञानाला येथे दुय्यम स्थान का? उत्तर उद्योगाच्या रचनेतच आहे. एकच मूळ औषध अनेक कंपन्या निरनिराळ्या व्यापारी नावांनी विकतात. गोळीतील द्रव्य तेच असेल, तर स्पर्धा उरते ती डॉक्टरच्या लेखणीतून आपलेच नाव उतरवून घेण्याची. १९७४ साली नेमलेल्या हाथी समितीने १९७५ च्या अहवालात व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने बंद करण्याची शिफारस केली होती. तिची कशी वासलात लागली हे औषधांच्या कोणत्याही दुकानात दिसते. व्यापारी नावे टिकली म्हणून उद्दिष्टांचा चाबूक टिकला, आणि चाबूक सोसणारी माणसे निवडण्यासाठी ही मुलाखत टिकली. त्या साऱ्या खटाटोपाचा खर्च अखेर भरतो तो रोगी.

‘कंपन्या निदान नोकऱ्या तरी देतात,’ असे सांगणारे विद्वान थोडे नाहीत. नोकरी हा उपकार नव्हे. श्रमाचा तो मोबदला आहे. उपकाराची भाषा एकदा मान्य केली की हक्काची भाषा उद्धट वाटू लागते. डॉक्टरांना भेटवस्तू देण्यास मनाई करणारी आचारसंहिता केंद्र सरकारने २०२४ मध्ये जाहीर केली, याचाही दाखला दिला जातो. परंतु उद्दिष्ट तेवढेच राहणार असेल, तर संहितेचे ओझे शेवटी रस्त्यावरच्या प्रतिनिधीच्याच पाठीवर पडणार.

हे हक्क कोणी ताटात वाढून दिले नाहीत. प्रतिनिधींच्या चळवळीमुळे १९७६ साली विक्री संवर्धन कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा झाला. नेमणूकपत्र, रजा, बोनस, उपदान आणि औद्योगिक विवादाचे संरक्षण त्यातून मिळाले. वैद्यकीय प्रतिनिधी हा मूळ औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येतील ‘कामगार’ नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९४ मध्ये ठरवले. या निकालानंतर १९७६ च्या कायद्याचे मोल किती, हे निराळे सांगावयास नको. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा नव्या श्रमसंहितांत विलीन झाला आहे. नव्या संहितेच्या ‘कामगार’ व्याख्येत विक्री प्रतिनिधीचा समावेश आहे, नेमणूकपत्राची सक्तीही आहे. पण ठरावीक मुदतीच्या नेमणुकीचे दारही तिने उघडे ठेवले आहे. नोकरभरतीत स्त्रीपुरुष भेद करण्यास कायद्याने बंदी असतानाही मुलीला लग्नाची तारीख विचारली जाते, यावरून कागद आणि व्यवहार यांतले अंतर कळावे.

हे अंतर संघटनेखेरीज तुटणार नाही. विक्रीचे उद्दिष्ट, फिरतीचा प्रदेश, प्रवासभत्ता आणि नोकरीची मुदत उमेदवाराला होकार देण्यापूर्वीच लेखी कळली पाहिजे. घरगुती चौकशा बंद झाल्या पाहिजेत. या मागण्या घेऊन प्रतिनिधींच्या संघटनांनी आणि पक्षाच्या तरुण कार्यकर्त्यांनी महाविद्यालयांत शिबिरे भरवावीत, मुलाखतीच्या दाराशी पत्रके वाटावीत. आज रांगेतला प्रत्येक तरुण शेजाऱ्याकडे प्रतिस्पर्धी म्हणून पाहतो. त्याला शेजाऱ्यात सोबती दिसू लागेल, त्या दिवशी टेबलापलीकडच्यांनाही उत्तरे द्यावी लागतील.