दोन मिनिटांचं काम, दोन हजार वर्षांची सवय

‘दोन मिनिटांचं काम आहे, जरा येऊन जा.’ शहरात राहणाऱ्या प्रत्येकाने हे वाक्य फोनवर एकदा तरी म्हटलेलं असतं. नळ गळतोय, फ्लशची टाकी भरत नाही, पंख्याचा रेग्युलेटर गेला, दाराची कडी बसत नाही. हे वाक्य नीट तपासून बघा. कारागीर घरात यायच्या आधीच त्याच्या कामाची किंमत आपण ठरवून टाकलेली असते. काम दोन मिनिटांचं, तेव्हा पैसेही दोन मिनिटांचेच.

वॉशर बदलायला दोन मिनिटं लागतात हे खरं आहे. पण त्याआधी तो माणूस अर्धा तास मोटरसायकल चालवून आलेला असतो. गेटवर वॉचमनच्या वहीत नाव, नंबर, वेळ लिहून झालेली असते. गच्चीवर जाऊन त्याने कॉक बंद केलेला असतो. मग नळ उघडल्यावर दिसतं की वॉशर ठीक आहे, स्पिंडलच झिजलाय. पुन्हा खाली, हार्डवेअरच्या दुकानात, पुन्हा वर. तोवर पुढच्या गिऱ्हाईकाचे तीन फोन. आणि नळ हातात घेताच दोष कुठे आहे ते कळावं, यासाठी ज्या दहा-पंधरा वर्षांची मेहनत लागली ती कुठल्या हिशोबात धरायची?

डॉक्टर छातीला नळी लावतो, दोन मिनिटांत चिठ्ठी लिहितो. नोटरीचा शिक्का पडायला दोन सेकंद लागत नाहीत. तिथे कोणी म्हणत नाही, ‘एवढ्याचे पाचशे?’ सत्यनारायण सांगणाऱ्या भटजीच्या दक्षिणेत घासाघीस करणारा यजमान मला अजून भेटायचा आहे. उलट वर शिधा देतात आणि पाया पडतात. घासाघीस राखून ठेवलेली असते ती प्लंबर, वायरमन, सुतार, रंगारी आणि भाजीवाल्या मावशीसाठी. हा कंजूषपणा नाही. कंजूष माणूस सगळीकडे सारखाच कंजूष असतो. ही निवडक काटकसर आहे आणि तिची निवड कुठून आली ते सांगायला फार मोठ्या विद्वत्तेची गरज नाही.

गावगाड्यात बलुतेदाराच्या कामाला दर नव्हता. सुताराने वर्षभर नांगर-कुळव दुरुस्त करायचे, कुंभाराने मडकी द्यायची, महाराने येसकरकी करायची, सांगावे पोचवायचे, मेलेली ढोरं ओढायची, आणि सुगीला खळ्यावर जाऊन जे मिळेल ते पदरात घ्यायचं. काम मोजलं जात नव्हतं, वेळ मोजला जात नव्हता. नाही म्हणण्याची सोय तर नव्हतीच. बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं ते याच मुळावर घाव घालण्यासाठी. कामाचा मोबदला ठरलेला असावा, रोख असावा आणि काम नाकारता यावं, ही त्यामागची साधी बाब होती. तेव्हा ती कित्येकांना उद्धटपणाची वाटली. आज आपल्या सोसायटीत कारागिराने ‘साहेब, व्हिजिट चार्ज दोनशे’ असं आधीच सांगितलं की आपल्याला नेमकं तेच वाटतं. ‘फार माजलेत हल्ली.’

‘आमचा प्लंबर’, ‘आमचा सुतार’ हे शब्दप्रयोगही ऐका. त्यात आपुलकी किती आणि मालकी किती? आपुलकी असती तर दहा वर्षं घरी येणाऱ्या माणसाचं नाव माहीत असतं. मोबाइलमध्ये तो ‘प्लंबर बिल्डिंग’ म्हणून साठवलेला असतो. आडनाव मात्र बऱ्याचदा विचारलेलं असतं. नळ दुरुस्त करायला आडनाव कशाला लागतं, हे विचारणाऱ्याने एकदा सांगावं. आडनाव कळल्यावर पाणी काचेच्या ग्लासात द्यायचं की ‘बाटली घेऊन जा ना, राहू दे तुमच्याकडेच’ म्हणायचं, हे ठरतं. पाणी नाकारलं असं कोणीच म्हणू शकत नाही. शहरी अस्पृश्यता अशी उदार असते.

आता यातला जास्त अवघड भाग. नहाणी तुंबली की आपण प्लंबरला बोलावतो. तो येतो, जाळी उचलून बघतो आणि म्हणतो, ‘हे चोकअपचं काम आहे, त्याला वेगळा माणूस लागेल.’ पाइप तोच, पाणी तेच, स्प्रिंग घालून फिरवण्याचं कौशल्यही त्याच्याकडे आहे. मग वेगळा माणूस कशाला? तो वेगळा माणूस कुठल्या वस्तीतून येतो हे प्लंबरला ठाऊक आहे, तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. बाबासाहेबांनी 1936 सालीच मांडून ठेवलंय की जात ही श्रमाची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, आणि तीही एकावर एक रचलेली. याचा पुरावा शोधायला ग्रंथालयात जायची गरज नाही. संडासाच्या चेंबरजवळ उभे राहा. पाना धरणारा हात आणि चेंबरमध्ये जाणारा हात वेगळा ठेवला जातो. पाना धरणाऱ्याला मालक हलकं समजतो, आणि तो स्वतः चेंबरमध्ये उतरणाऱ्याला हलकं समजतो.

गिरणीतही हेच होतं. सुत कातायच्या खात्यात अस्पृश्य कामगार चालत, जास्त मजुरीच्या विणकाम खात्यात चालत नसत, कारण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. 1928 च्या मुंबईच्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा कामगार एकजुटीची भाषा बोलणाऱ्यांना तो अडचणीचा वाटला. धागा गेला, गिरण्या गेल्या, आता पाइप आलाय.

चेंबरवरून पुढे सेप्टिक टँक येते आणि तिथे प्रश्न मजुरीचा उरत नाही, जिवाचा होतो. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा 2013 चा कायदा त्याच वर्षी 6 डिसेंबरला अमलात आला. तारीख कोणी ठरवून निवडली की आपोआप पडली मला ठाऊक नाही, पण आपल्याला ती विसरता येण्यासारखी नाही. त्याच्या कलम 7 नुसार गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये धोकादायक सफाईसाठी कोणालाही उतरवता येत नाही. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा कायदा फक्त महापालिकेला लागू आहे असा सोसायट्यांच्या कमिट्यांचा गोड गैरसमज आहे. कायद्यात ‘व्यक्ती’ असा शब्द आहे, आणि सोसायटीचा सेक्रेटरी ही व्यक्तीच असते.

डिसेंबर 2019 मध्ये गोवंडीतल्या एका खाजगी सोसायटीच्या सेप्टिक टँकमध्ये तीन कामगार गुदमरून मेले. त्यांच्या विधवांना मुंबई उच्च न्यायालयात जावं लागलं. 2021 मध्ये न्यायालयाने सरकारला प्रत्येकी दहा लाख द्यायला लावले. पुढे 2023 च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई तीस लाखांवर नेली. हे आकडे सोसायटीच्या सूचना फलकावर लावण्यासारखे आहेत. ‘चार हजारात करून देतो म्हणाला’ या वाक्याशेजारी ते शोभून दिसतील. टाकी उपसायला गाडी मिळते, यंत्र मिळतं. ते महाग पडतं म्हणून माणूस शोधला जातो, इतकं साधं गणित आहे.

जो कारागीर फोनवर मिळत नाही तो नाक्यावर मिळतो. मुंबई-ठाण्यात कामगार नाका, पुण्यात मजूर अड्डा. सकाळी आठ वाजता तिथे जाऊन उभे राहा. थापी-ओळंबा घेतलेला तो मिस्त्री. घमेलं-फावडं घेतलेला किंवा घेतलेली, ती बिगारी. बाई पंचवीस वर्षं टाइल्स बसवणाऱ्यामागे काम करत असेल, लाइन-लेव्हल तिला तोंडपाठ असेल, तरी तिला कोणी मिस्त्री म्हणत नाही. ती बिगारीच मरते. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातून निघालेल्या कुटुंबांच्या लेकी-सुना आणि आता नाती या नाक्यांवर उभ्या आहेत. त्यात आपल्या वस्त्यांमधल्या किती आहेत हे सांगायला सर्वेक्षण लागत नाही, जयभीम घालून बघा.

आणि हा शब्द बघा, बिगारी. ‘वेठबिगार’मधला बिगार तो हाच. संविधानाच्या कलम 23 ने बिगार हा शब्द नाव घेऊन गाडला. आपण मात्र तो रोज सकाळी नाक्यावर उच्चारतो आणि वर भाव करतो, ‘बिगारीचे किती?’

इमारत बांधकाम कामगारांसाठी 1996 चा कायदा आला, राज्यात कल्याणकारी मंडळ आहे, बांधकामाच्या खर्चावर उपकर गोळा होतो. पण त्या कायद्याच्या व्याख्येतच एक पळवाट होती: स्वतःच्या राहत्या घराचं दहा लाखांपर्यंतचं काम काढणारा मालक त्यात धरलाच नव्हता. म्हणजे तुमच्या-माझ्या घरची सगळी डागडुजी बाहेर. शिवाय मंडळाकडे नोंदणी करायची तर वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. आज या घरी चार तास, उद्या त्या घरी अर्धा दिवस, परवा काहीच नाही, अशा माणसाने नव्वद दिवस कोणाकडून लिहून आणायचे? म्हणून दहाव्या मजल्याच्या डक्टमध्ये दोरीला लटकून पाइप जोडणारा पडला, तर पहिली धावाधाव होते ती ‘त्याला आम्ही बोलावलंच नव्हतं’ हे ठरवण्यासाठी.

सरकारला कारागिरांची आठवण येते, नाही असं नाही. 17 सप्टेंबर 2023 ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. अठरा व्यवसाय, अवजारांसाठी पंधरा हजार, कर्ज तीन लाखांपर्यंत. जातीची अट कागदावर नाही, हे मान्य. पण यादी वाचा: सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, धोबी, चांभार, टोपल्या-झाडू विणणारे. अट अशी की व्यवसाय परंपरेने कुटुंबात चालत आलेला असावा. प्लंबर नाही, वायरमन नाही, रंगारी नाही. म्हणजे ज्या कामाला बापजाद्यांचा वारसा नाही, जे काम माणूस स्वतः निवडून आयटीआयमध्ये शिकला, ते या नकाशात बसत नाही. तामिळनाडू सरकारने 2024 मध्ये ही योजना आहे त्या स्वरूपात राबवायला नकार दिला. आपल्याकडच्या पुरोगामी म्हणवणाऱ्यांनी त्यावर किती ब्र काढला, ते शोधून बघा.

इथपर्यंत वाचून आपले लोक माना डोलावत असतील. आता आपल्याकडे येऊ. आरक्षणाच्या पहिल्या-दुसऱ्या पिढीतून आपल्यातला मोठा वर्ग फ्लॅटमध्ये गेला. चांगलं झालं, जायलाच हवं होतं. घरात बाबासाहेबांचा फोटो आहे, बुद्धमूर्ती आहे, 14 एप्रिलला अकरा हजारांची पावती फाडतो. आणि 15 एप्रिलला वायरमनला म्हणतो, ‘अरे, पन्नास कमी कर, आपलाच माणूस आहेस.’ आपला माणूस असेल तर पन्नास जास्त द्यायला हवेत, हे गणित या साहेबांना का सुचत नाही? शेजाऱ्यापाजाऱ्यांचं बघून शिकलेल्या सवयी आपण घराच्या इंटिरियरसोबत बसवून घेतल्या आहेत. सर्व्हिस लिफ्ट वेगळी, संडास वापरायचा असेल तर खाली वॉचमनचा.

‘पण हे लोक फसवतात’, अशी तक्रार असते. फसवतात, काही जण फसवतात. चांगला भाग खराब सांगून नवा गळ्यात मारतात. आगाऊ घेऊन महिनाभर फिरकत नाहीत. मी कारागिराला संत ठरवायला बसलेलो नाही. पण जिथे दर बोलला जात नाही तिथे दोन्ही बाजू फसवाफसवी करतात, कारण दुसरा मार्गच ठेवलेला नसतो. पाहणीचे किती, मजुरीचे किती, सामान कोण आणणार आणि बिल दाखवणार का, हे फोनवरच विचारलं तर निम्मी भांडणं होत नाहीत. मोबाइल अ‍ॅपवरून कारागीर बोलावणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. तिथे दर आधी दिसतो, ही चांगलीच गोष्ट आहे. फक्त त्या दरातून कंपनी आपला वाटा कापते आणि पाच चांदण्यांसाठी त्या पोराला आपल्यापुढे हसत उभं राहावं लागतं, हेही त्याच पडद्यावर दिसायला हवं होतं. नाक्यावरचा माणूस निदान तोंड वाकडं करू शकतो.

एक आक्षेप मात्र मला गंभीर वाटतो आणि तो आपल्याच तरुणांकडून येतो. बाबासाहेबांनी मोक्याच्या जागा पटकवायला सांगितल्या, तुम्ही पोरांच्या हातात पाना काय देता? यात तथ्य आहे. ज्याला कलेक्टर व्हायचंय त्याला आयटीआयकडे वळवणारे समुपदेशक मी पाहिले आहेत, आणि ते कोणाच्या पोरांना तसं वळवतात तेही पाहिलंय. पण बाबासाहेबांनी सोडायला सांगितली ती लादलेली, वारशाने गळ्यात पडलेली, घाणीची कामं. हाताचं कौशल्य नव्हे. 1942 साली व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात त्यांनी परदेशी शिक्षणासाठी आणि विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शिष्यवृत्त्यांसाठी पैसे मागितले, आणि त्याच निवेदनात सरकारी छापखाने व रेल्वेच्या कारखान्यांत आपल्या मुलांना उमेदवार म्हणून घ्या, अशीही मागणी केली. गव्हर्नर व्हायची वाट आणि फिटर व्हायची वाट, दोन्ही मागितल्या. वतन आणि धंदा यांत फरक इतकाच की धंद्यात दर आपण सांगतो, नको असलेलं काम नाकारतो आणि आपल्या पोराने तेच करावं अशी सक्ती नसते.

आमच्या भागात आयटीआय झालेल्या दोन पोरांनी, एक वायरमन, एक प्लंबर, गाळा घेऊन दुकान थाटलंय. बाहेर दरफलक आहे. पाहणी दोनशे, रात्री नऊनंतर दुप्पट, सामानाचं बिल मिळेल, उधारी नाही. वस्तीतले लोक सुरुवातीला चिडले, ‘जयभीमवाल्यांकडूनही पैसे घेता का?’ घेतात. चोकअपही ते स्वतःच काढतात, हातमोजे घालून, आणि त्याचा दर नळाच्या कामापेक्षा जास्त लावलाय. फलकाच्या शेवटच्या ओळीत लिहिलंय: सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरणार नाही, उपसा गाडीचा नंबर दुकानात मिळेल.