हातखंब्याच्या वाटेने आलेला ‘स्ट्रीट फायटर’ : नक्कल की पाठभेद?

१/१० मुंबई-गोवा महामार्गावरून रत्नागिरी शहराकडे जाणारी वाट हातखंब्याच्या तिठ्यावर फुटते. गणपतीला, शिमग्याला चाकरमानी उतरले की मुंबईचा बाजारही त्यांच्या पिशव्यांतून उतरे. नव्वदच्या दशकात कोकणातल्या घरांत ‘टीव्ही गेम’ पोहोचला, तो बहुधा असाच. त्याच्या कॅसेटांवर एक नाव हमखास सापडे : स्ट्रीट फायटर.

२/१० मूळ खेळ जपानच्या कॅपकॉमचा. १९९१ साली ‘स्ट्रीट फायटर २’ नाणे टाकून खेळायच्या यंत्रांवर अवतरला. निवडीला आठ योद्धे. तीन बटणे ठोशांची, तीन लाथांची. भारताच्या वतीने लढे तो धालसिम : रबरासारखे लांबणारे हातपाय, मुखातून ज्वाळा, गळ्यात कवट्या. जपानी कल्पनेने रंगवलेला हा योगी.

३/१० हे यंत्र घरात आणणे सोपे नव्हते. जून १९९२ मध्ये सुपर फॅमिकॉमची आवृत्ती आली, ती १६ मेगाबिटच्या म्हणजे दोन मेगाबाइटच्या कॅसेटवर. त्या संचाच्या रिमोटला सहा बटणे होती, हे सुदैव. तरीही पिंपे फोडण्याची फेरी गळाली. सेगाच्या मेगा ड्राइव्हला तीनच बटणे. म्हणून १९९३ साली सहा बटणांचा नवा रिमोट निघाला.

४/१० कोकणातल्या सामान्य घरी मात्र यांपैकी काहीच आले नाही. १९९१ च्या अर्थसंकल्पाने सीमाशुल्काचा कमाल दर १५० टक्क्यांवर आणला, तरी परदेशी संच मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेरच राहिले. ती पोकळी भरली १९८३ च्या फॅमिकॉमवर बेतलेल्या स्वस्त संचांनी. ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’ ही त्यांतली ओळखीची नावे.

५/१० आता खरी गंमत. कॅपकॉमने फॅमिकॉमसाठी ‘स्ट्रीट फायटर २’ कधी काढलाच नाही. त्या कॅसेटा अनधिकृत होत्या. त्यांतल्या अनेक तैवानमध्ये घडल्या. फॅमिकॉमला ठोसा-लाथेसाठी बटणे दोनच. पडद्याच्या एका आडव्या ओळीत हलत्या चित्रांचे आठच तुकडे मावत. नववा आला की चित्र लुकलुके. म्हणून योद्धे आकाराने आणि अनेक आवृत्त्यांत संख्येनेही घटले.

६/१० खेळांचा इतिहास लिहिणारे या कॅसेटांना ‘नकली’ ठरवून पुढे जातात. हा न्याय अपुरा आहे. कोकणातल्या असंख्य मुलांनी मूळ यंत्र पाहिलेच नव्हते. त्यांच्या लेखी लुकलुकणारा तो धालसिम हाच खरा धालसिम. जे प्रत्यक्ष खेळले गेले, ते इतिहासाबाहेर कसे ठेवणार?

७/१० मराठी परंपरेला हा प्रश्न नवा नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत पाठभेद साचले, म्हणून एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध प्रत सिद्ध केली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते तपासली. सदोष प्रत फेकली नाही. तिच्यातला फरक नोंदवला. तो फरकच पुरावा ठरला.

८/१० यावर आक्षेप रास्त आहे : लेखनिकाने पोथी उतरवणे आणि व्यापाऱ्याने दुसऱ्याचे श्रम चोरणे एक नव्हे. मूळ कलावंतांना या विक्रीतून काहीच मिळाले नाही, हे झाकू नये. परंतु चोरीची नोंद ठेवणे म्हणजे चोरीचे समर्थन नव्हे. तो व्यवहार का फोफावला, हे सांगणारे साधन तीच कॅसेट आहे.

९/१० आणि हे साधन झपाट्याने नाहीसे होत आहे. पुष्कळशा कॅसेटांवर ना निर्मात्याचे नाव, ना साल. ती कुठून आली, केवढ्याला पडली, वीज जाईपर्यंत कोण जिंकत होते, हे खेळणाऱ्यांच्या स्मरणातच उरले आहे. १९९५ साली दहा वर्षांचे असलेले मूल आज चाळिशी ओलांडून गेले. घर पाडताना माळ्यावरचे खोके भंगारात जाते आणि त्यासोबत प्रश्न विचारण्याचे निमित्तही.

१०/१० इतिहासाची आवड असणाऱ्या तरुणांना यासाठी दुर्गम गड चढावा लागणार नाही. घरातल्या काका-मामांना विचारावे, कॅसेटचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्यावे; गाव, दुकान, अंदाजे साल लिहून ठेवावे. कॅपकॉमचा इतिहास जपानमध्ये जपला जाईल. हातखंब्याच्या वाटेने आलेल्या त्या दोन बटणांच्या खेळाचा इतिहास इथल्याच माणसांना लिहावा लागेल.