हजार पानांची ताटं

‘क्लाउड म्हणजे काय, तर दुसऱ्याचा कॉम्प्युटर!’ संगणकवाल्यांचा हा आवडता टोमणा. खोटा नाही, पण मग एसटी म्हणजेही दुसऱ्याची गाडीच.

दुसऱ्याचा संगणक काही नवा नाही. १९६०च्या दशकात मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतल्या सीडीसी ३६०० यंत्रावर बाहेरच्या संस्थाही आपली गणितं सोडवून नेत. १९६१मध्ये संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी यांनी एमआयटीत भाकीत केलं होतं, की टेलिफोनसारखी संगणनाचीही सार्वजनिक सेवा होईल. ते खरं व्हायला २००६ उजाडलं. अ‍ॅमेझॉनने तासाला दहा सेंट भाड्याने यंत्र द्यायला सुरुवात केली. हाच क्लाउड. अर्ज नाही, करार नाही. हवं तेव्हा घ्या, काम झालं की सोडा. नवलाई आहे ती या सोडण्यात.

दहावीच्या निकालाचंच घ्या. सगळं राज्य एकाच वेळी एका संकेतस्थळावर तुटून पडतं, दोन दिवसांनी तिथे कुणी फिरकत नाही. तेवढ्यासाठी यंत्रं विकत घेणं म्हणजे लग्नात हजार पानं उठणार म्हणून हजार ताटं घरात आणून ठेवणं.

अनेकांचे संगणक जोडून एकच काम करणाऱ्या ग्रिडची गोष्ट निराळी. ती इर्जिक, एकाच्या शेतात सगळ्यांनी मिळून फुकट राबायची. १९९९मध्ये सुरू झालेल्या ‘सेटी अ‍ॅट होम’मध्ये जगभरच्या लोकांनी आपले रिकामे संगणक परग्रहावरच्या संदेशांच्या शोधासाठी फुकट दिले. मात्र इर्जिकीला आलेल्या माणसाला ‘आत्ताच्या आत्ता पाहिजे’ असं सांगता येत नाही. निकालाच्या दिवशी तिचा उपयोग शून्य.

पण म्हणून क्लाउडच्या भक्तांनी हुरळून जाऊ नये. ‘ढगात ठेवलं म्हणजे सुरक्षित’ म्हणणाऱ्यांनी १० मार्च २०२१ आठवावा. स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि ज्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती, त्यांचा डेटा कायमचा गेला. ढग कसला, ती इमारतच होती.

आणि ‘स्वस्त’? रोजच्या जेवणाला भाड्याची ताटं आणून बघा. लोकांच्या फायली साठवणाऱ्या ड्रॉपबॉक्स कंपनीचा पसारा असाच रोजचा, कायमचा. त्यांनी २०१६पर्यंत बहुतेक फायली अ‍ॅमेझॉनकडून स्वतःच्या यंत्रांवर हलवल्या आणि दोन वर्षांत सुमारे साडेसात कोटी डॉलर वाचवले. त्याच २०१६मध्ये युरोपातल्या व्यावसायिक ग्राहकांच्या फायली ठेवायला मात्र त्यांनी जर्मनीत जागा घेतली ती भाड्याने, अ‍ॅमेझॉनकडूनच.