‘बाई आल्या’ आणि ‘बाई आली’

मुलांनी वडीलधाऱ्यांना कशी हाक मारावी, हा वाद अधूनमधून उफाळतो. मुले वडिलांना ‘अरे बाबा’ म्हणू लागली, काही शाळांतून शिक्षिकेची ‘ताई’ झाली, की संस्कार लयाला चालल्याची हाकाटी उठते. या हाकाटीला मराठी घराच्या इतिहासाचा आधार नाही. एकत्र कुटुंबात जन्मदात्या वडिलांना ‘भाऊ’ किंवा ‘अण्णा’ आणि आईला ‘वहिनी’ वा ‘काकू’ म्हणणारी मुले पिढ्यान्‌पिढ्या वाढली. घरातली इतर माणसे जे म्हणत, तेच तीही म्हणत. आईला ‘अहो’ म्हणणारी घरे तर अपवादानेच आढळतील. वारकऱ्यांनी प्रत्यक्ष विठोबाला एकेरीत आळविले, तेवढ्याने पंढरीचे माहात्म्य उणावले नाही.

नाव घ्यावे की उपाधी लावावी, हा पेचही मुळात मराठीचा नव्हे. बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या उभ्या करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची नावेच पाहावीत. त्यांत नावही आहे आणि मानाचा वा नात्याचा शब्दही. एवढी सोय असलेल्या भाषेने ‘सर’ आणि ‘मॅडम’ यांच्यापुढे मान तुकवावी, हा साहेबी अंमलाचा उरलेला अवशेष होय.

खरा प्रश्न हाकेत नाही, क्रियापदात आहे. शाळेत शिकवणाऱ्या त्याही ‘बाई’ आणि घरी धुणेभांडी करणाऱ्या त्याही ‘बाई’. शब्द एकच, परंतु पहिल्या ‘आल्या’ आणि दुसरी ‘आली’. मुख्याध्यापक ‘आले’, शिपाई ‘आला’. आदरार्थी बहुवचन व्याकरणाच्या तासाला शिकवले जाण्यापूर्वीच ते कोणाला द्यायचे नाही, हे मूल घरात शिकून आलेले असते. दहा वर्षांचा मुलगा पन्नाशीच्या माणसाला नुसत्या नावाने पुकारतो आणि त्यात कोणालाही वावगे वाटत नाही. संस्कारांची चिंता वाहणारेही तेथे गप्पच असतात.

याची मुळे खोल आहेत. मुंबईच्या सुखवस्तू घरांत कोकणातून आलेल्या गड्याला, त्याचे नाव काहीही असले तरी, ‘रामा’ म्हणण्याचा प्रघात होता. खेड्यात गावकुसाबाहेरच्या वृद्धाला वरच्या आळीतले पोर अरेतुरे करी, आणि त्या वृद्धाने मात्र ‘जोहार’ घालावा, अशी अपेक्षा असे. आंबेडकरी चळवळीने ‘जोहार’ टाकून ‘जयभीम’ स्वीकारला, तो उगाच नव्हे.

यावर एक बचाव नेहमी केला जातो: सख्ख्या मावशीलाही मुले ‘तू’च म्हणतात, मग कामाच्या मावशींना म्हटले तर बिघडले कोठे? बिघडते ते असे, की सख्खी मावशी त्या मुलाचा कान धरू शकते, दिवाणखान्यातल्या खुर्चीवर बसते, घरातल्याच कपातून चहा पिते. दुसरीचा कप फडताळात वेगळा ठेवलेला असतो. जिव्हाळ्याचे ‘तू’ दोन्ही बाजूंनी चालते. स्वीडनमध्ये १९६७ साली तेथील वैद्यकीय मंडळाचे प्रमुख ब्रूर रेक्सेड यांनी अधिकारावर येताच जाहीर केले, की आपण सर्व कर्मचाऱ्यांना नावाने व एकेरीत संबोधू आणि त्यांनीही आपल्याला तसेच संबोधावे. हुद्द्याने बोलण्याची तेथील जुनी रीत त्यानंतर झपाट्याने मावळली. आज मुले शिक्षकांनाही नावानेच हाक मारतात. त्या एकेरीला धार नाही, कारण ती वरच्या माणसापासून सुरू झाली.

मराठी मुलांपुढेही एक चांगले उदाहरण रोज दारात उभे राहते. शाळेत ने-आण करणारे ‘रिक्षावाले काका’ बहुतेक घरांत ‘आले’च असतात. ते ‘काका’ का झाले आणि जिना झाडणारा माणूस का झाला नाही? पोटचे पोर ज्याच्या हवाली करायचे, त्याला मान द्यावासा वाटतो, हेच त्याचे सरळ कारण असावे.

यासाठी परिपत्रक नको, की मूल्यशिक्षणाचा धडाही नको. मूल ऐकते तसे बोलते. सही घेण्यासाठी वर्गात नोटीस घेऊन येणाऱ्या शिपायाशी शिक्षक पन्नास मुलांसमोर कसे बोलतात, कचेरीतून परतलेले वडील तेथल्या चहावाल्याबद्दल जेवताना कोणत्या क्रियापदाने बोलतात, तेच मूल उद्या उच्चारणार आहे.