इंजिन बदलणाऱ्याचा जबाब

माझे एक स्नेही सरकारी नोकरीतून सन्मानाने निवृत्त झाले आहेत. दर रविवारी सकाळी ते आमच्याकडे चहाला येतात आणि अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये गोणपाटाखाली उभ्या असलेल्या माझ्या मोटरसायकलीकडे पाहून दर रविवारी एकच प्रश्न विचारतात, "हे तुम्ही कशासाठी केलेत हो?" कोणी तिकिटे जमविली, कोणी गुलाबाची कलमे केली, तर हा प्रश्न कोणी विचारीत नाही. शंभर सी.सी.च्या गाडीत दीडशेचे इंजिन बसविणारा माणूस मात्र एक तर मूर्ख असतो, नाही तर गुन्हेगार. कायद्याच्या दृष्टीने मी दुसऱ्या वर्गात मोडतो. तेव्हा रविवारच्या उत्तराऐवजी एकदाच सविस्तर जबाब दिलेला बरा.

गाडी म्हणजे एक जुनी हीरो होंडा, सत्त्याण्णव सी.सी.ची. इंजिन दीडशेच्या जातीचे, भंगारबाजारातून रीतसर पावती घेऊन आणलेले. घरी भाचा होता, नुकताच आय.टी.आय. झालेला, त्याचे हात शिवशिवत होते आणि माझेही. दोन नट सोडले, दोन आवळले, की इंजिन बदलले, अशी ज्यांची समजूत असेल त्यांनी एकदा हे करून पाहावे. जुन्या इंजिनाचा सिलिंडर जवळजवळ आडवा निजलेला, नव्याचा ताठ उभा. त्यामुळे इंजिन आत शिरताच त्याचे डोके चेसीच्या नळीला भिडले. नळी कापली, तिला बाक देऊन पुन्हा जोडली, आतून पट्टीचा आधार दिला. इंजिनाची फाउंडेशने जाड प्लेटा कापून नवी केली. मग साखळीची रेष चुकली. पुढची चाकी मागच्या चाकीपेक्षा पाच मिलिमीटर बाहेर! हे पाच मिलिमीटर आम्हांला तीन आठवडे पुरले. नागापूरच्या एम.आय.डी.सी.तल्या एका लेथवाल्याने अखेर कडी कातून दिली आणि पैसे घेतले नाहीत, फक्त म्हणाला, "सुरू झाली की आवाज ऐकवा." भाच्याला शाळेत भूमिती कधी आवडली नव्हती. त्या तीन आठवड्यांत तो समांतर रेषांविषयी एखाद्या कीर्तनकाराच्या तन्मयतेने बोलू लागला.

गाडी सुरू झाली. चांदबिबी महालाचा चढ ती अशी चढली, की वर पोचल्यावर आम्ही दोघे उगाचच हसत सुटलो. उतरताना भाचा एकटाच होता. मी वर राहिलो होतो. मधल्या वळणावर ब्रेक लागेना. आवाज आला, आणि मी धावत गेलो तो गाडी दगडांच्या राशीत, आणि पोर खांदा धरून बसलेले. गळ्याजवळचे हाड मोडले होते. बहिणीने त्यानंतर दिवाळीपर्यंत माझ्याशी शब्द बोलला नाही. तो तिचा अधिकार होता.

दोष सर्वस्वी माझा. इंजिन दीडपट केले आणि ब्रेक होता तोच ठेवला. तळहाताएवढा ड्रम, शंभराच्या गाडीसाठी केलेला. ताशी साठ किलोमीटरने जाणारी गाडी पंच्याऐंशीवर नेली, की वेग दीडपटही होत नाही, पण थांबविताना ब्रेकला जी ऊर्जा गिळावी लागते ती दुप्पट होते. ती उष्णता होऊन ड्रममध्ये साठते, लायनर तापून गुळगुळीत होतात, आणि उतारावर तर त्यांना निवायला उसंतच नसते. हे गणित शाळेच्या पुस्तकात आहे. मी ते पन्नाशीत, भाच्याच्या हाडावर शिकलो. पुढे आम्ही पुढचा फोर्क काढून डिस्क ब्रेकचा बसविला, मागचा ड्रम मोठा केला. हे आधी करावयाचे होते.

आता स्नेही म्हणतील, "मग कायदा तुम्हांला नको म्हणतो ते बरोबरच नाही का?" येथेच माझे त्यांच्याशी भांडण आहे.

मोटार वाहन कायदा 1988 चा. त्याचे कलम 52 सांगते, की कारखान्याने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने गाडीत करू नये. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अधिक स्पष्ट केले. त्याच बनावटीचे, त्याच जातीचे इंजिन परवानगीने बदलता येते, वेगळे नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. चोरीच्या गाड्यांची इंजिने फिरविली जातात, हे मला माहीत आहे. सायलेन्सर फोडून रात्री अकरा वाजता आजारी माणसांच्या खिडक्यांखालून फटाके उडवीत जाणारी आमच्याच पंथातली पोरेही मला माहीत आहेत. त्यांच्याविषयी मला दया नाही. पण मी एका कार्यालयात जाऊन विचारले, की साहेब, ब्रेक मोठा केला आहे, जोड तपासून घ्या, धूर मोजा, इंजिनाची पावती पाहा आणि नापास करायचे तर नापास करा, तर उत्तर मिळाले, "आरसी बुकात सत्त्याण्णव आहे ना? मग गाडीतही सत्त्याण्णवच पाहिजे." ब्रेकचा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही! ज्या एका गोष्टीने माझा भाचा मरता मरता वाचला, तिच्यासाठी त्यांच्या कागदावर रकानाच नव्हता.

आणि हाच कायदा दुसरीकडे हळवा होतो. गॅसवर किंवा बॅटरीवर गाडी चालवायची असेल, तर इंजिनाचे रूपांतर चालते. मात्र संच मान्यताप्राप्त हवा. म्हणजे बदल हा पाप नाही; तो कारखानदाराने केला पाहिजे, इतकेच. ब्रिटनमध्ये एकट्यादुकट्याने घडविलेली मोटरसायकल तपासून पास करण्याची सरकारी परीक्षा आहे, जर्मनीतही एकेका गाडीची तपासणी करून बदल कागदावर चढविता येतो. आमच्याकडे परीक्षाच नाही, म्हणून सगळेच नापास. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका लोहारकाम करणाऱ्या माणसाने भंगारातून, दुचाकीच्या सामानावर, लाथ मारून सुरू होणारी छोटी जीप केली. 2021 च्या डिसेंबरात देशभर तिचे कौतुक झाले. कौतुक करणाऱ्या आनंद महिंद्रांनीच सांगितले, की ही गाडी नियमात बसत नाही, आज ना उद्या तिला अडविणार. त्यांनी तिच्या बदल्यात नवी बोलेरो दिली. उदारपणा खराच. पण जी बुद्धी रस्त्यावर यावयाची, तिला बक्षीस मिळाले ते दुसऱ्याने केलेल्या गाडीचे.

हे सारे मला अधिक लागते ते मी नगरचा म्हणून. (2024 पासून अहिल्यानगर, तोंडातून जुने नाव जाता जात नाही.) ज्या गावच्या कारखान्यात पन्नास सी.सी.ची लुना घडली, तेथे इंजिनाचे वेड अंगणात उगवले तर नवल काय? आमच्या गावच्या रणगाडा संग्रहालयात सेंच्युरियन उभा आहे. 1965 च्या लढाईत आपण वापरलेली ही जात. त्याचे मिटिऑर इंजिन मुळात विमानाचे. स्पिटफायर ज्या मर्लिन इंजिनावर उडे, त्यातला सुपरचार्जर काढून ते रणगाड्यात आणले, आणि सुरुवातीला तर मोडक्या विमानांच्या इंजिनांचे भागही त्यासाठी वापरले. शर्मन रणगाड्याची तर एक आवृत्ती मोटारगाडीची पाच इंजिने एकत्र जुंपून, तीस सिलिंडरांवर चालत असे. शाळांच्या सहली हे रणगाडे पाहून टाळ्या वाजवितात. त्यांना कोणी सांगत नाही, की मुलांनो, ही इंजिनबदलाची थोर उदाहरणे आहेत, आणि तुम्ही घरी असे केलेत तर सहा महिने! अर्थात त्या लोकांनी इंजिनाबरोबर गिअरपेटी, ब्रेक, थंड करण्याची सोय, सारे नव्याने केले आणि घासूनपुसून तपासले. मी नेमके तेच मागतो आहे. तपासा.

हंगामात आमच्या रस्त्यांवरून उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रात्री जातात. मागे ना लाल दिवा, ना चमकणारी पट्टी. मागून धडकून माणसे मेली, तरी ट्रॉल्या जातच असतात. माझी गाडी मात्र गोणपाटाखाली.

तपासायला जागा नाही, असेही नव्हे. देशात गाड्यांना पसंतीचे प्रमाणपत्र देऊ शकणाऱ्या ज्या मोजक्या संस्था आहेत, त्यांतली एक, संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था, आमच्याच गावी आहे. महिन्यातून एक दिवस ठरवावा, वाजवी फी घ्यावी, आणि आमच्यासारख्यांना फाटकाबाहेर रांगेत उभे करावे. दहांतल्या नऊ गाड्या परत पाठविल्या तरी चालेल. का परत पाठविली ते लिहून द्यावे, म्हणजे पोरे घरी जाऊन ते दुरुस्त करतील. भाच्याचा खांदा आता बरा आहे. तो आणि मी आमची गाडी ढकलत आणू. चालवीत आणणे बेकायदेशीर आहे.