राजीखुशीची सही

तंजावरजवळच्या ओरत्तनाडूला मराठी माणूस जातो तो मुक्तांबाळ छत्र पाहायला. तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०२च्या सुमारास आपल्या प्रेयसीच्या, मुक्तांबाळच्या नावाने ते उभारलं. रामेश्वरच्या वाटेवरच्या यात्रेकरूंना तिथे जेवण आणि आसरा मिळे. त्या प्रेमकथेत आपण रमतो. तंजावरचा तांदूळ ज्याच्या श्रमावर पिकला, त्या पन्नैयाळाची मात्र कुणी चौकशी करत नाही. पन्नैयाळ म्हणजे तिकडचा सालगडी. पहाट मालकाची, तिन्हीसांजही मालकाचीच. वरवर पाहिलं तर तोही राजीखुशीनेच राबत होता; उचल त्यानेच मागितलेली असे! मालकाने त्याला मन मानेल तेव्हा हाकलण्याला लगाम घालायला १९५२ साली तंजावरपुरता वेगळा कायदा करावा लागला.

हे आठवलं ते ‘कामगाराची लेखी संमती’ या शब्दांनी. ३ सप्टेंबर २०२५ला महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातला दिवस ९ तासांवरून १२ तासांपर्यंत ताणायला आणि तिमाहीतल्या ओव्हरटाइमची मर्यादा ११५वरून १४४ तासांवर न्यायला मान्यता दिली. समर्थक म्हणतात, सक्ती कुठे आहे? संमती घेणारच आहोत. शिवाय ओटी, म्हणजे ओव्हरटाइम, कामगारालाच हवी असते.

हवी असते, खरं आहे. ओटी बंद झाली की कामगारवस्तीतल्या वाण्याला आधी कळतं. पण आठ तासांच्या पगारात घरभाडं, शाळेची फी आणि गाडीचा हप्ता बसत नाही, म्हणून ती हवी असते. पगार तेवढाच ठेवून ‘त्यालाच हवंय’ म्हणणं हे ‘उचल त्यानेच मागितली’ म्हणण्यापैकीच.

आणि संमती घेतात कशी? पाळी सुटायला पंधरा मिनिटं असताना सुपरवायझर वही घेऊन लाइनवर येतो. ‘कोण कोण थांबतंय?’ विचारतो, पण नावं आधीच लिहिलेली असतात. समोरचा पोरगा ठेकेदाराचा. मुलीला ताप आहे, असं तो एकदा म्हणेल. दुसऱ्यांदा म्हणाला, तर पुढच्या महिन्यात त्याला बोलावणं येत नाही.

आठवड्याचे तास तेवढेच, चार दिवस बारा तास करा आणि तीन दिवस सुट्टी घ्या, असाही एक युक्तिवाद असतो. तो करणारा बहुधा खुर्चीत बसून काम करतो. बारा तास मशिनपुढे उभं राहायचं, जाऊन-येऊन तीन तास कंपनीच्या बसमध्ये. उरले नऊ. त्यात झोप, आंघोळ, डबा. पोरं झोपलेलीच दिसणार. शिवाय १४४ तास तेरा आठवड्यांत वाटले तर आठवड्याला अकरा पडतात. म्हणजे त्या तीन सुट्ट्यांतली एक पुन्हा गेटच्या आत.

तमिळनाडूनेही हा घाट घातला होता. २१ एप्रिल २०२३ला बारा तासांचं विधेयक विधानसभेत मंजूर झालं, तेव्हा द्रमुकचे मित्रपक्षच सभात्याग करून बाहेर पडले. तीन दिवसांत ते स्थगित झालं आणि १ मेला चेन्नईच्या मे-दिन उद्यानात मुख्यमंत्री स्टालिन यांनी ते मागे घेतल्याचं सांगितलं. कामगारनेते सिंगारवेलरांनी मद्रासमध्ये देशातला पहिला मे दिन साजरा केला, त्याला त्याच दिवशी शंभर वर्षं झाली होती. मित्रपक्षांनी कान धरला आणि सरकारने ऐकलं, यात कमीपणा कसला?

आपल्याकडे तर नारायण मेघाजी लोखंडे होऊन गेले. त्यांनी १८९०मध्ये गिरणीकामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. बाबासाहेब केंद्रात मजूर खातं सांभाळत असताना, १९४६ साली, कायद्याने ५४ तासांचा आठवडा ४८वर आणला. या गोष्टी एकेकट्या गिरणीकामगाराच्या सहीवर कुणी सोडल्या नाहीत. एकटा माणूस मुकादमाला नाही म्हणू शकत नाही, हे दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

ओव्हरटाइम असूच नये, असं माझं म्हणणं नाही. दुप्पट दराने, आहे त्या मर्यादेत, खुशाल असावा. पण संमती त्या त्या दिवसाची हवी, भरतीच्या फॉर्मात घेऊन ठेवलेली नको. नकाराचं कारण विचारू नये. नकारानंतर कुणाचं काम सुटलं, तर नकारामुळे सुटलं नाही हे मालकाने सिद्ध करावं, आणि ठेकेदाराच्या पोरालाही हे सगळं लागू हवं.

मी पाहिलेल्या त्या वहीत रकाने तीन होते: नाव, तास, सही. ‘नाही’ लिहायला जागा नव्हती.