टोपरें कोणासाठीं?

मार्गशीर्ष सरत आला कीं आमच्या जुन्नर-आंबेगांवच्या खोऱ्यांत सकाळीं द्राक्षांच्या बागांवर धुकें उतरतें आणि घरोघरीं पेटींतले लोकरीचे गुंडे बाहेर निघतात. याच सुमारास एका वाचक भगिनींचें पत्र आलें. त्या लिहितात, "सुना नोकरी करतात, नातवंडें परदेशीं आहेत. बाळंतविडा हल्लीं दुकानांतून तयार येतो. चाळीस वर्षें हातांत असलेली क्रोशाची सुई आतां मीं कोणासाठीं चालवावी?" प्रश्न बायकांचा म्हणून निवृत्त शिक्षकानें बाजूस सारावा असा हा नाहीं. त्यांत आपल्या दानधर्माचा एक जुना गुंता आहे.

बाळंतविड्यांतील कुंची, झबलें, दुपटें हीं आपलीं पुरातन. क्रोशाचें टोपरें मागाहून आलेलें. 'क्रोशे' या फ्रेंच शब्दाचा अर्थ लहानसा आंकडा. एकोणिसाव्या शतकांत मिशनरी स्त्रियांबरोबर ही कला हिंदुस्थानांत पसरली. पुढें 1909 सालीं पुण्यांत निघालेल्या सेवासदनांत रमाबाई रानडे यांच्या देखरेखीखालीं प्रौढ स्त्रियांना लिहिण्यावाचण्याबरोबर शिवणकामही शिकविलें जाऊं लागलें, आणि असल्या वर्गांमुळें हातच्या कलाकुसरीस पांढरपेशा घरांत प्रतिष्ठा आली. परकी कला आमच्या आयाबहिणींनीं किती घरची करून टाकिली हें पाहावयाचें असेल तर तिचे शब्द ऐकावे: साखळी, खांब, अर्धा खांब, मुका खांब. पाणिनीच्या परिभाषेंत उभी हयात घालविलेल्या मला 'मुका खांब' या संज्ञेचें कौतुक वाटल्यावांचून राहत नाहीं.

आमच्या वाड्यांत हें काम वडिलांच्या आत्याबाई करीत. आम्ही मुलें त्यांना ताईआजी म्हणत असूं. चौदाव्या वर्षीं वैधव्य आलेलें. पुढचें सारें आयुष्य माहेरच्या माजघरांत गेलें. त्या वाड्यांत जन्मलेल्या प्रत्येक मुलाचें पहिलें टोपरें त्यांच्या हातचें. परंतु बारशाच्या दिवशीं तें तबकांत ठेवून बाहेर नेई दुसरीच कोणी सवाशीण, आणि बाळाच्या मस्तकावर चढवी तीही सवाशीणच. ताईआजी दाराआड उभ्या राहून पाहत. टोपरें घरास हवें होतें, तें विणणारा हात मात्र त्या घटकेस नको होता. यांत कोणास विपरीत वाटत नसे, आणि हीच त्यांतली अत्यंत विपरीत गोष्ट होय.

घोडेगांवच्या पश्चिमेकडील डोंगरांतून एक महादेव कोळी बाई हिरडा विकून परततांना आमच्या ओसरीवर टेकत असे. एका पौषांत तिच्या पाठीशीं झोळींत महिना-दीड महिन्याचें मूल होतें, डोकें उघडें. ताईआजींनीं आंत जाऊन नुकतेंच संपविलेलें टोपरें आणिलें आणि आपल्या हातांनीं त्या मुलाच्या कानांवरून खालीं ओढलें. त्या बाईनें हातांची चौकशी केली नाहीं. "आजी, ऊब लई हाय," एवढेंच म्हणाली. तेव्हांपासून आत्याबाईंच्या टोपऱ्यांपैकीं निम्मीं डोंगराकडे जाऊं लागलीं. आपलें कोण आणि परकें कोण याचा निवाडा मीं ग्रंथांतून पुष्कळ वाचला आहे. तो ओसरीवर मात्र त्या दिवशीं पाहिला.

या उबेची थोरवी आतां वैद्यकशास्त्रानेंही सांगितली आहे. नवजात बालकाचें डोकें त्याच्या देहाच्या मानानें फार मोठें, आणि उघडें राहिल्यास तेथून पुष्कळ उष्णता जाते. 1978 सालीं कोलंबियांतील बोगोटा शहरीं अपुऱ्या दिवसांच्या बालकांना आईच्या उघड्या छातीशीं धरून ठेवण्याची पद्धत सुरू झाली. तींत बाळाच्या अंगावर लंगोट, पायमोजे आणि टोपरें एवढेंच असतें. आपल्याकडे गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं गांवच्याच स्त्रियांना घरीं जाऊन नवजातांची काळजी घेण्यास शिकविलें. त्याचा वृत्तांत 1999 सालीं 'लॅन्सेट'मध्यें प्रसिद्ध झाला. नवजात बालकांच्या मृत्यूंचें प्रमाण तेथें सुमारें 62 टक्क्यांनीं उतरलें होतें. अर्थात् तें केवळ टोपऱ्यानें नव्हे. औषधें, स्तनपान, देखरेख हें सारें त्यांत आलें. पण बाळाला उबेंत ठेवणें हें त्या कामाचें एक अंग होतें.

म्हणून पत्रलेखिका भगिनींस माझें उत्तर असें कीं टोपरें अवश्य विणावें. मात्र तें घेणाऱ्याच्या उपयोगाचें असावें. क्रोशाची जाळी दिसावयास सुरेख, पण तिच्या भोंकांतून वारा सरळ आंत शिरतो. थंडीसाठीं मुक्या खांबांची घट्ट वीण बरी. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण 33 ते 35 सेंटीमीटर. येथें शाळेंतली भूमिति कामास येते. सहा मुक्या खांबांनीं आरंभ करून प्रत्येक फेरीस सहा सहा वाढवीत जावें, म्हणजे वर्तुळ सपाट राहतें. व्यास 10 सेंटीमीटर झाला कीं वाढविणें थांबवावें. परिघ 31 च्या थोडा वर येतो आणि टोपरें किंचित् ताणून नीट बसतें. बंद, मणी, मोत्यें, गोंडे यांस फांटा द्यावा. गळ्याभोंवतीं आवळणारी नाडी तर मुळींच नको. धडधाकट बाळाला घरांत निजवितांना टोपरें काढून ठेवावें, कारण अति ऊबही घातक. आणखी एक. कर्करोगाच्या उपचारांत केस गेलेल्या रुग्णांस टोपी द्यावयाची असेल तर ती मऊ सुताची असावी. त्या नाजूक त्वचेस लोकर टोचते.

द्यावयाचें कसें, याचा धडा मला एका शिलालेखांत सांपडतो. नाशिकच्या पांडवलेण्यांत, दहाव्या लेण्यांत, नहपान क्षत्रपाचा जांवई उषवदात याचा लेख आहे. त्यानें गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे 3000 कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेविले; मुद्दल परत घ्यावयाचें नाहीं, व्याज तेवढें भोगावयाचें. त्यांतील 2000 वर दरमहा शेंकडा एक, म्हणजे वर्षाचे 240; आणि लेण्यांत वर्षावास करणाऱ्या 20 भिक्षूंस चीवरासाठीं प्रत्येकीं 12. हिशेब तंतोतंत जुळतो. (याच नहपानाचा अमात्य अयम याचा लेख आमच्या जुन्नरास मानमोडीच्या डोंगरांत आहे, त्यानें मंडप व पाण्याचें टांकें दिलें. वाचकांनीं एकदां जरूर पाहावा.) घेणारे किती हें दात्यानें आधीं मोजलें, मग पैसा ठेविला. हल्लीं आपण उलट करितों: घरांत सांचलेलें गांठोड्यांत बांधितों आणि मग गरीब शोधूं लागतों.

तेव्हां विणण्यापूर्वीं घोडेगांव, जुन्नर किंवा जवळच्या कोणत्याही ग्रामीण रुग्णालयांत जाऊन परिचारिकाबाईंस विचारावें कीं महिन्यास बाळंतपणें किती, टोपरीं चालतील काय, आणि तीं कशीं धुवून द्यावीं. डोंगराकडील आश्रमशाळेच्या मुलांसाठीं कानटोप्या करावयाच्या असतील तर शिक्षकांकडून वर्गाचा पट विचारून घ्यावा आणि सर्वांना पुरतील इतक्या झाल्यावरच न्याव्या. चाळीस मुलांच्या वर्गांत पंचवीस टोप्या नेल्या तर उरलेल्या पंधरा मुलांची हिरमुसलेली तोंडें सबंध हिंवाळाभर शिक्षकांस पाहावीं लागतात. एकटीच्या हातून चाळीस होत नसतील तर आळींतल्या चौघीजणींनीं वांटून घ्याव्या. दसऱ्यास आरंभ केला तर पौषाच्या आंत सहज होतात.